शंकराचं गाव

"हे कोण, सांगा बघू? यांचं नाव काय?" असं डॉक्टर रसिकांनी विचारलं, तेव्हा लक्ष्मीने आधी नाथाकडे पाहिलं, मग भिंतीवर टांगलेल्या, अंगभर ठिपके काढलेल्या उघड्या माणसाच्या चित्राकडे पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले. झालं ते एवढंच. तिच्या टाळूवर केसांतून अ‍ॅक्युपंक्चरच्या बारीक सुया उभ्या होत्या, उजव्या गुडघ्याखाली एक होती, आणि खाली मानपाडा रोडवर कुणीतरी रिक्षावाल्याशी तावातावाने भांडत होतं. विनीत आईच्या पायाशी उभा होता. "सांग ना मम्मी, पप्पांचं नाव," असं म्हणत, स्नेहसंमेलनात पोर स्टेजवर अडकलं की खाली बसलेली आई ओठ हलवते तसे तो स्वतःचेच ओठ हलवत होता. डॉक्टरांनी थोडी वाट पाहिली. "असू दे. घाई नाही. नावं उशिरा येतात," त्या म्हणाल्या. म्हणजे नाव गेलं, असं त्यांनी धरूनच टाकलं. नाथाला राहवलं नाही. "ती माझं नाव घेत नाय," तो म्हणाला. "आठवत नाही, तेच म्हणतेय मी." "आठवतं का नाय ते मना ठाव नाय, डॉक्टर. पन ती घेतच नाय. लगीन झाल्यापासून नाय घेतलं." डॉक्टर हसल्या. डोंबिवलीत वाढलेल्या, नवऱ्याला अरे-तुरे करणाऱ्या बाई त्या, त्यांना गंमत वाटली. मग ते हसू हळूहळू उतरलं आणि त्या म्हणाल्या, "अहो काका, मग आपल्याला कळणार कसं?" इतक्या सुया त्या खोलीत, पण ही एक नाथाला टोचली ती टोचलीच.

घरी जाताना गाडीत तो मागे लक्ष्मीशेजारी बसला आणि तिच्याकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिला. दिवाळीनंतर तिला झटका आला होता, मग लहान लहान आणखी काही. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडावर धरून, इथलं गेलं, उरलंय ते सांभाळा, असं सांगितलं होतं. हात पुष्कळ परतला. पायही ओढत का होईना चालू लागला. शब्द मात्र पानी, नको, हां, एवढेच उरले, आणि पूर्वीचं ते 'अवो' गेलं. उभ्या संसारात लक्ष्मीने नाथाला हाक म्हणून मारली ती ही एकच. स्वयंपाकघरातून 'अवो' म्हटलं की तो दारात जायचा, गच्चीवरून 'अवो' आलं की वर जायचा. आता ती त्याच्या हातचं जेवत होती, त्याने केस विंचरले तर मान पुढे करत होती, त्याच्याकडे बघून हसतही होती. पण इमारतीच्या वॉचमनकडे बघूनही ती तसंच हसायची. तसंच, एक रेघ कमी नाही की जास्त नाही. नाथाचा जीव टांगणीला लागला होता तो इथे. ती बोलेल की नाही, चालेल की नाही, याचं त्याला एवढं नव्हतं. आपण कोण हे हिला ठाऊक आहे का, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते विचारायची वाट त्या दोघांनी मिळून कधीच बुजवून टाकली होती.

माजिवड्यात त्याला सगळे नाथाशेठ म्हणत. खाडीकडचं मिठागर गेलं, वरची भातजमीन बिल्डरकडे गेली, तिच्यावर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये उंचावर घर मिळालं आणि नाथाचा नाथाशेठ झाला. बिल्डर नाथाशेठ म्हणे, जत्रेची वर्गणी मागणारी पोरं नाथाशेठ म्हणत, दूधवाला भैयादेखील म्हणे. दिवसभर नाव कानावर पडून पडून गुळगुळीत झालेलं, फक्त एका तोंडातून ते कधी आलं नाही. वरातीच्या वेळी दार अडवून बायका उभ्या राहिल्या होत्या, नाव घे म्हणून. नवी नवरी डोक्यावरचा पदर धरून उभी. बायकांचे पाय दुखले, पण हिचं तोंड उघडेना, आणि उघडलं तेव्हा काय, तर "तुमाला म्हाईत हाय ना? मंग मना कशाला इचारता?" सगळ्या खो खो हसल्या आणि वाट सोडली. पुढे तर कहर झाला. तिची धाकटी बहीण हौसा अंबरनाथला दिली. आता गावाच्या नावातच नवरा बसलेला. तर लक्ष्मीने त्या अख्ख्या गावाचं बारसं केलं. तिथे शंकराचं जुनं देऊळ आहे, म्हणून ते शंकराचं गाव. "हौसा आली शंकराच्या गावशी." "शंकराच्या गावला जाऊन येतंव." रिक्षावाल्यालाही ती शंकराचं गावच सांगे, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत राही. विनीत तेव्हा लहान होता, त्याच्या समोर हे सगळं घडायचं, पण पोरांना आईबापाच्या गोष्टी दिसतात कुठे? काखेत कळसा असून तो आता डोंबिवलीला वळसा घालत होता.

पुढच्या खेपेला सुया लावून झाल्यावर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बाई सरळ होत्या, फुशारकी नव्हती. "काका, मेंदूत एक छोटी जागा असते, नवी आठवण जिथे बसते ती. मोठ्या वयातसुद्धा तिथे नव्या पेशी उगवतात असं काही संशोधक म्हणतात. माणसात तसं होत नाही, असं म्हणणारेही आहेत. उंदरांमध्ये अशा सुया लावल्यावर नव्या पेशी वाढलेल्या दिसल्यात. मावशींच्या डोक्यात तसं होईल अशी खात्री मी देणार नाही. पण झोप, चालणं, बोलणं आणि ह्या सुया, याने फरक पडताना मी पाहिलाय." मग लक्ष्मीकडे वाकून त्यांनी सुईला बोटाने जरासं फिरवलं. "मुंग्या येतायत? जड वाटतंय?" "हां," लक्ष्मी म्हणाली. विनीतचे डोळे चमकले. त्याने उगवतात एवढंच ऐकलं, बाकीचं सगळं वाऱ्यावर सोडलं. नाथानेही तेच ऐकलं, पण तो शब्द त्याच्या आत पडला तो वेगळ्या जागी. त्याच्या बापाच्या, महिपतच्या मिठागरात गवताची काडी उगवत नसे. तरी मीठ पिकतं असंच म्हणायचे सगळे. मीठ आलं, मीठ झालं असं नाही, पिकलं. पावसाळ्यात ते सगळं धुऊन जायचं, खारं-गोडं एक होऊन नुसतं चकचकीत पाणी उभं राहायचं, आणि पहिल्यांदा ते बघून लहानपणी नाथा रडला होता, आता काय करायचं म्हणून. बाप हसला होता. दिवाळीनंतर बांध घातले, चिखल पायांनी मळून मळून जमीन घट्ट केली, खाडीचं पाणी आत घेतलं, की उन्हं तापेपर्यंत पुन्हा पांढरं. "मीठ नवा, आगर तोच," बाप म्हणायचा. लक्ष्मीच्या पांढऱ्या केसांतून उभ्या राहिलेल्या सुया बघताना नाथाला ते आठवलं, आणि बापाला विचारावंसं वाटलं की आगर तोच असतो हे नक्की ना.

विनीतला माणकोलीचा नवा पूल फार आवडायचा. माजिवड्याहून निघालं की खाडी ओलांडून थेट डोंबिवली. पण नाथाने शीळफाट्यावरून जायचा हट्ट धरला. "पप्पा, पूल झालाय ना आता! कशाला त्या ट्रॅफिकमध्ये मरायचं?" "मना तिकडनं बरं वाटतं." "काय बरं वाटतं? धूळ?" काटई नाक्याला वर हिरवी पाटी आहे, बाण दाखवून गावांची नावं लिहिलेली. लक्ष्मीला वाचता येत होतं, चौथीपर्यंत शिकलेली होती ती माहेरी, आंबिवलीच्या शाळेत. पहिल्यांदा तिने पाटीकडे पाहिलंच नाही. दुसऱ्यांदा ट्रक आडवा आला. मग एकदा गाडी नेमकी पाटीखालीच अडकली, पुढे मागे हॉर्न, उन्हाने काच तापलेली, आणि नाथाने घसा खाकरून, सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो रस्ता कुठं जातं गो?" लक्ष्मीने वर पाहिलं. ओठ हलले. थांबले. कपाळावर आठी आली, आणि मग एकेक अक्षर चिमटीने उचलावं तशी ती म्हणाली, "शंकराचं... गाव." नाथाने तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर एका दुकानात निळ्या पाण्याच्या टाक्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या, त्या त्याला विनाकारण फार सुंदर वाटल्या. ठाऊक आहे. हिला ठाऊक आहे. नाव तोंडाशी आलं, हिने ते ओळखलं, आणि बाजूने निघून गेली, चाळीसेक वर्षं जशी जात होती तशी. त्याने शेजारी चाचपडून तिचा हात धरला. मुलासमोर त्याने तो कधीच धरला नव्हता.

पुढे बसलेल्या विनीतनेही ते ऐकलं होतं. दवाखान्यात शिरल्या शिरल्या त्याने डॉक्टरांना सांगितलं की मम्मी आज दोन शब्द जोडून बोलली, पण चुकलं, अंबरनाथला शंकराचं गाव म्हणाली. डॉक्टर समजुतीने मान हलवत म्हणाल्या, "होतं असं. नेमका शब्द सापडला नाही की माणूस वळसा घालतो. वर्णन करतो. चांगलं लक्षण आहे, पण आपल्याला नेमका शब्द हवा. तुम्ही घरी सराव घ्या." नाथा स्टुलावर बसून हे ऐकत होता. नेमका शब्द तोच होता, बाई. हे वाक्य त्याच्या गळ्यापर्यंत आलं. पण मग त्याला दार अडवलेल्या बायका सांगाव्या लागल्या असत्या, गावाचं बारसं सांगावं लागलं असतं, आपण शीळफाट्याचा हट्ट का धरला ते सांगावं लागलं असतं, आणि एवढं सांगून झाल्यावर मुलाच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा असतो हे नाथाला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या पिढीत प्रेम हे पाठीवरच्या तिळासारखं असायचं, असतं हे माहीत, पण दाखवायचं कुणाला? विनीतला त्याने तेव्हा थांबवलं नाही. मुलगा घाम गाळून आईसाठी धडपडतोय, त्याला काय बोलायचं, असं त्याने स्वतःला समजावलं.

मग घरात शाळा सुरू झाली. संध्याकाळी कामावरून आला की विनीत आईला समोर बसवी. "हे काय? कप. हे? चमचा. मावशी कुठे राहते? अंबरनाथ. बोल, अं-बर-नाथ. शंकराचं गाव नाही मम्मी, अं-बर-नाथ. आणि पप्पांचं नाव? नाथा. ना-था." सून ऐश्वर्या कौतुकाने बघायची. लक्ष्मी मुलाच्या ओठांकडे टक लावून बघायची आणि एखाद्या गुणी मुलीसारखी शिकायची. शब्द यायला लागले. मुंगीच्या पावलाने आले, पण आले. कप, चमचा, खिडकी, कबुतर. घरात आनंद मावेना, आणि नाथा आतल्या खोलीत पलंगावर बसून तिचा आवाज ऐकत राहायचा. आवाज तिचाच होता. पण कबुतर हा शब्द तिने पूर्वी असा कधी उच्चारला नव्हता, शहरी पोरीसारखा स्वच्छ. ती पारवा म्हणायची. त्याच्या मनात हळूहळू एक भीती घर करू लागली, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण ऐकणाऱ्याने त्याला वेड्यात काढलं असतं. समजा उगवल्या नव्या पेशी. चांगलंच आहे. पण त्या आत्ता उगवल्या ना? त्यांनी मिठागर कुठे पाहिलंय? पावसाच्या भीतीने भर दुपारी आम्ही दोघांनी मिठाच्या राशीवर गवत कसं अंथरलं, विनीतच्या आधीची मुलगी कशी गेली, हे त्यांना काय ठाऊक? नव्या पेशींचं लगीन कुठे झालंय? विनीत जे शिकवील ते त्या शिकतील. बायको बरी होईल, चालेल, बोलेल, कबुतर म्हणेल, आणि मला ओळखायची नाही. हे मनात आलं की त्याला स्वतःचीच लाज वाटायची. बायको बरी होते म्हणून झुरणारा नवरा जगात दुसरा नसेल.

असाच बसलेला असताना त्याला ती दुपार आठवायची. लग्नाला वर्ष झालं असेल. बापाच्या मिठागरावर दोघंच होते, मिठाचा पांढरा उजेड डोळ्यांत खुपत होता, तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या आणि त्यांत खारं पाणी झोंबत होतं. ती बांधावर बसून पाय पुसत होती. आसपास कुणी नाही असं बघून तो म्हणाला होता, "एकदा घे ना नाव. कोन ऐकतंय हितं?" ती म्हणाली, "नाव घेतला का घोवाचा आयुक्ष कमी व्हतं." घोव म्हणजे नवरा, हाही शब्द ती त्याच्याकडे न बघता म्हणाली होती. "खोटं हाय त्या." "असंल. मी कशाला परीक्षा बघू?" मग पदर तोंडाशी धरून, डोळ्यांनी हसत, "घेईन एकदा. तुमी नसाल तवा." किती दिवस तो त्या वाक्यावर खूश होता. आपण नसताना ही एकटी खोलीत आपलं नाव घेत असेल, भिंतीला सांगत असेल, असं काहीबाही त्याला वाटायचं. पुढे वय झाल्यावर त्याला त्याचा दुसरा अर्थ कळला, की आपण मेल्यावर, आणि तोही त्याला आवडला. हिच्या गप्प बसण्यावर आपण जगतोय असं तो मनाशी म्हणायचा. हार्टचं ऑपरेशन झालं तेव्हाही, सगळे डॉक्टरांचे पाय धरत होते, आणि नाथा शुद्धीवर येता येता आपल्या बायकोच्या मिटलेल्या ओठांचे आभार मानत होता.

पुढच्या एका खेपेला काटई नाक्याला लक्ष्मीचा डोळा लागला होता. नाथाने तिला उठवलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सुया लावल्या, पंखा बारीक केला, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग सहज विचारलं, "मावशी, तुमची बहीण कुठे असते?" नाथाने श्वास धरला. सांग. सांग गो, शंकराचं गाव. चुकीचं म्हणू देत सगळे. लक्ष्मीने छताकडे पाहिलं. कुठे अडली नाही, कपाळावर आठी नाही. "अंबरनाथ," ती म्हणाली. विनीतने टाळ्याच वाजवल्या. "आणि हे कोण?" डॉक्टरांनी त्याच दमात विचारलं. लक्ष्मीने मान जरा वळवली. नाथाकडे पाहिलं. कप, चमचा, खिडकी. "नाथा," ती म्हणाली. "यस! मम्मी, यस!" विनीत ओरडला, त्याचे डोळे भरून आले होते, त्याने बापाला मिठी मारली. "पप्पा, नाव घेतलं! तुम्ही म्हणायचात घेत नाही!" डॉक्टरांच्याही चेहऱ्यावर खरा आनंद होता, आणि त्या आनंदाला नावं ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. नाथा मुलाच्या पाठीवर थोपटत राहिला. जन्मभर ऐकायचं होतं ते ऐकलं होतं. किती स्वच्छ म्हणाली. ना आणि था, दोन्ही अक्षरं सुटी, धुतलेली. घेईन एकदा, तुमी नसाल तवा. तिने शब्द पाळला होता.

विनीत बायकोला फोन करायला बाहेर गेला. डॉक्टर पलीकडच्या पडद्याआड दुसऱ्या पेशंटकडे गेल्या, सुया थोडा वेळ राहू द्या म्हणाल्या. खोलीत पंख्याचा आवाज राहिला. नाथाला दारातून निघून जावंसं वाटत होतं, खाली रस्त्यावर, गर्दीत, कुठेही. पण असं सुया लावून माणसाला एकटं टाकून जायचं नसतं, म्हणून तो भिंतीला टेकून उभा राहिला, ठिपके असलेल्या त्या चित्रातल्या माणसाशेजारी. रडायला यावं असं वाटत होतं आणि येत नव्हतं. लक्ष्मी त्याच्याकडे बघत होती. वॉचमनकडे बघायची तशी नाही. आठीसकट, जत्रेत माहेरकडचं कुणी दिसलंय पण कोण ते आठवत नाही, तशी. "नाथा," ती पुन्हा म्हणाली, स्वतःशीच, चव घेऊन बघितल्यासारखी. मग विनीतने शिकवला नव्हता असा एक शब्द तिच्या तोंडून आला, आंबिवलीच्या अंगणातला, आल्यागेल्याला विचारायचा.

"कुनाचा?"

गावात हे सगळ्यांना विचारतात. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न हाच, कुणाचा, आणि उत्तरात बापाचं नाव द्यायचं असतं. नाथाने ते हजारदा दिलं होतं, महिपतचा, माजिवड्याचा. आताही ओठ त्यासाठीच उघडले. बायकोने आपल्याला कोण म्हणून विचारलं, हे दुःख त्याला आरपार कळलं, आणि तरी ती त्या धुतल्या आवाजात बोलली नाही, जुन्या बोलीत बोलली, हेही कळलं.

"तुजा," तो म्हणाला.

लक्ष्मीने त्यावर विचार केला. टाळूवरची एक सुई जराशी हलली. मग तिने चांगल्या हाताने कडेची चादर सारून पलंगावर टीचभर जागा केली.

"मंग बस ना," ती म्हणाली. जन्मभर तुमी-तुमी करणारी लक्ष्मी त्याला पहिल्यांदाच असं एकेरी म्हणाली.

नाथा बसला.